सुट्टीच्या दिवशीचा मोर्चा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या प्रभुलिंगअप्पांकडे दोन गोष्टी होत्या: चादरींचं दुकान आणि स्वदेशी मंडळाचं अध्यक्षपद. दुकान वडिलांनी दिलेलं, अध्यक्षपद स्वतः कमावलेलं; त्यामुळे काळजी अध्यक्षपदाचीच जास्त. मागच्या मोर्चाला चार माणसं आली होती, त्यांतला एक पत्ता विचारायला थांबलेला. या खेपेला गर्दी जमली नाही तर अध्यक्षपद मंडळातल्याच चनमल्लप्पाला द्यायचं, असं मंडळानं चहा पिता पिता ठरवून टाकलं होतं.

अप्पांनी विषय दणकट निवडला. चिंचोळीच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करणारी एक जर्मन कंपनी होती.

"सोमवारी तिच्या गेटवर मोर्चा! परदेशी कंपनी, चले जाव!"

"सोमवारी कसं जमंल, अप्पा?" स्पीकरची रिक्षा चालवणारा गुरु म्हणाला. "कंपनीच्या पोरींना रोज सोडायला जातो की मी."

मंगळवारी खजिनदाराच्या दोन्ही मुलांची तिथंच पहिली पाळी. बुधवारी शेजारच्या बाळाबाईला कंपनीच्या कँटीनला भाकऱ्या पोचवायच्या होत्या. हाका मारून मारून अप्पांचा घसा बसला, तेव्हा ते घरी आले.

"काव्या, तू तरी येशील ना?"

"मामा, मी तिथंच नोकरीला आहे," सून म्हणाली. "लग्नाआधीपासून."

"मला वाटलं, तू बँकेत आहेस."

"बँकेत माझा पगार येतो."

अप्पांच्या बायकोनं, शिवबाईंनी, निवडायच्या शेंगांतून मान वर न करता सांगितलं, "अहो, मग गुरुवारी काढा की. गुरुवारी कंपनीला सुट्टी असतीय, सगळे मोकळे."

बायकोला डोकं आहे, हे अप्पांनी त्या दिवशी मनातल्या मनात मान्य केलं.

गुरुवारी माणसं लोटली. न्यायला बस होती. कंपनीचीच, सुट्टी म्हणून स्वस्तात मिळालेली. घोषणा देत सगळे गेटवर पोचले. गेटला भलंमोठं कुलूप. आत एक कुत्रं ताणून झोपलेलं.

"निवेदन कुणाला द्यायचं, अध्यक्ष?" चनमल्लप्पानं खुशीत विचारलं. "कुत्र्याला?"

सुट्टीच्या दिवशी कंपनी बंद असते, हे अप्पांच्या आत्ता ध्यानात आलं.

इतक्यात मॅनेजर सोमशेखरची गाडी येऊन थांबली. उतरतानाचा त्याचा पडलेला चेहरा गर्दी बघून फुलला.

"सिद्धेश्वर पावला! जर्मनीहून फोन आलाय, माल उद्याच धाडायचाय. निरोप कुणाकुणाला द्यावा या विवंचनेत होतो, तर तुम्ही सगळे आधीच हजर! चला, आज डबल पगार!"

कुलूप निघालं. झेंडे भिंतीला टेकले. काव्या आत गेली, खजिनदाराची मुलं गेली. गुरु रिक्षा वळवून बाळाबाईला आणायला सुटला.

"पॅकिंगला नवी माणसं पण लागतील," सोमशेखर म्हणाला.

चनमल्लप्पानं एकवार अप्पांकडे, एकवार गेटकडे बघितलं आणि टोपी नीट करत तोही आत शिरला.

अध्यक्षपदाचा प्रश्न मिटला. गर्दी जमली होती, आणि प्रतिस्पर्धी खोकी भरत होता.

उशिरा पोचलेल्या बातमीदाराला बाहेर एकटे अप्पा दिसले. "मोर्चा कुठाय?"

"लिहून घ्या," अप्पा ताठ उभे राहिले. "आजवर सोलापुरात मोर्चे गेटवर अडले. आमचा सगळाच्या सगळा आत गेला."

"आणि मागण्यांचं काय?"

आतून मशिनांचा आवाज सुरू झाला होता. अप्पांनी तो क्षणभर समाधानानं ऐकला.

"वाटाघाटी चालू आहेत म्हणा. पाळी सुटेपर्यंत चालतील."