तांबडा आणि करडा

चित्राची पेटी आगबोटीतून उतरून बैलगाडीने घरी आली, तेव्हा मथुराआत्या हरखून गेली होती. श्रीपतीच्या चित्राला मुंबईच्या प्रदर्शनात पदक मिळालं होतं, आणि ते चित्र तिचं होतं.

श्रीपती तिच्या भावाचा, अण्णांचा मुलगा. आई वारली तेव्हा तो रांगत होता. विधवा होऊन माहेरी परतलेल्या या आत्यानेच त्याला वाढवलं. मुंबईला चित्रकला शिकायला जायचा हट्ट त्याने धरला, तेव्हा अण्णांशी भांडलीही तीच.

मागच्या सुट्टीत त्याने तिला मागच्या पडवीत खुर्चीवर बसवलं होतं. आंब्याची साठं उन्हात घालून झाली की रोज दुपारी ती येऊन बसायची. एके दिवशी तो म्हणाला, “आत्ये, पदर जरा मागे घे. कानामागची रेघ दिसत नाही.”

तिने आजूबाजूला पाहिलं. “चित्रात नाही ना काढणार?”

“छे! रेघ बघायचीय नुसती.”

तिने पदर मागे घेतला. दुसऱ्या कुणासाठी घेतला नसता.

आता ओटीवर श्रीपतीभोवती मंडळी जमली होती. वकील, मामलेदार कचेरीतले दोघे, शेजारचे बागाईतदार. अण्णांनी स्वतः चित्रावरचं फडकं काढलं. माजघराच्या दाराआडून मथुराआत्याने पाहिलं.

बाजूने बसलेली एक बाई. अंगावर विधवेचं तांबडं आलवण, मागे करडी भिंत, आणि डोकं उघडं. केस उतरवलेलं, गुळगुळीत, उन्हात चकाकणारं. न्हावी आणि श्रीपती सोडून कुणी ते पाहिलं नव्हतं. आरसा तर तिने कित्येक वर्षांत हातात धरला नव्हता. अशी दिसते मी?

“वा! काय तांबडा लावलाय!” वकील म्हणाले. खालची पट्टी त्यांनी मोठ्याने वाचली, “तांबड्या आणि करड्या रंगांची रचना.”

“पदक मिळालंय,” अण्णा म्हणाले. पाहुणे आले की बहिणीला ओटीवर फिरकू न देणारे अण्णा तिचं बोडकं डोकं कौतुकाने दाखवत होते.

मथुराआत्या दार ढकलून बाहेर आली. वकील चपापून उठले.

“श्रीपती, मी कोण रे?”

“आत्ये...”

“इथे तसं लिहिलेलं नाही. इथे रचना लिहिलंय.”

श्रीपती गडबडला. आतून एक जाडजूड पुस्तक आणून त्याने पान उघडलं. “हे बघ. विस्लर म्हणून मोठा चित्रकार होऊन गेला. ही त्याची आई. हे चित्र पॅरिसला आहे, लांबलांबून लोक बघायला जातात. त्यानेही नाव नाही दिलं, करड्या आणि काळ्या रंगांची रचना म्हटलं. चित्रात रंग बघायचे असतात, आत्ये. माणूस कोण, याला महत्त्व नसतं.”

तिने पान नीट पाहिलं. काळ्या झग्यातली म्हातारी, हात मांडीवर, डोक्यावर पांढरी जाळीदार टोपी.

“आईची टोपी नाही काढायला लावली त्याने,” ती म्हणाली. “आणि रचना म्हटल्यावर काय म्हणाली ती?”

“ते मला ठाऊक नाही.”

“मी काय म्हणते ते तरी ऐक. हा तांबडा तुला रंग दिसतो. तुझ्या आजोबांनी तो माझ्या अंगावर चढवला तेव्हा मी विशीचीही नव्हते. मला कुणी विचारलं नाही. तुला तर मी विचारलं होतं, आणि तू खोटं बोललास.”

“मथू, आत जा!” अण्णा ओरडले. “चार माणसं बसलीयत.”

“याच चार माणसांना माझं डोकं दाखवलंत, अण्णा. तेव्हा लाज कुठे गेली होती?”

मंडळी चपला शोधू लागली.

पुढच्या खेपेला केरू न्हावी मागच्या दाराशी आला, तेव्हा मथुराआत्याने त्याला परत पाठवलं. “आजपासून येऊ नको, केरू.”

“अण्णा काय म्हंतील, आत्याबाय?”

“म्हणू देत. डोकं त्यांचं नाही.”

अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. केस राखणाऱ्या विधवेच्या हातचं जेवणार नाही म्हणाले. “मग चुलीपाशी तुम्ही बसा,” ती म्हणाली. दोन दिवस ते दहीपोह्यांवर राहिले, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने पाटावर येऊन बसले.

मुंबईचा एक धनिक चित्र विकत मागत होता. “देऊ नको,” मथुराआत्याने श्रीपतीला बजावलं. “हवं तर डोक्यावर पदर रंगवतो,” तो म्हणाला. “विकू नको एवढंच सांगतेय,” ती म्हणाली. तरीही तो चित्र घेऊन मुंबईला गेला. महिन्याभराने अण्णांना त्याचं पत्र आलं, चित्र धनिकाच्या दिवाणखान्यात लागलं होतं.

गणपतीला श्रीपती घरी आला. आत्याचे केस कानापर्यंत आले होते, निम्मे पांढरे. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

“आत्ये, अजून राग आहे?”

“आहे.”

“मी काय करू म्हणजे जाईल?”

“चित्र परत आण.”

“ते आता माझं नाही गं.”

“तुझं कधीच नव्हतं,” ती म्हणाली. नारळाची कवड खाली ठेवून तिने विळी आडवी केली आणि हात धुतले. “पान वाढते. जेवून घे.”