पंचविसाव्या मीटरनंतरचे बोलणे

३ मार्च, सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. जलतरण तलावाच्या उथळ बाजूला आम्ही सात जण पोहणे शिकायला कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो, सातही निवृत्त. मी त्यांत सर्वांत नवा. मला निवृत्त होऊन तीन दिवस झाले होते.

एका कारखान्याच्या मोजमाप कक्षात मी सदतीस वर्षे गेज, म्हणजे मापे घ्यायची साधने, तपासली. त्या खोलीचे तापमान कायम वीस अंश असे आणि आत विनाकारण कोणी बोलत नसे. तिथे मला ‘मायक्रोन’ म्हणत, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खरे नाव हजेरीपटापुरते. बायको जाऊन चार वर्षे झाली. मुलगी परदेशी. दर रविवारी तिचा फोन येतो, साधारण अकरा मिनिटे. उरलेल्या रविवारात मी कोणाशी बोलत नाही.

म्हणून २७ एप्रिलच्या रविवारला महत्त्व होते. त्या दिवशी आमच्या तुकडीला होडीने सरोवरातल्या बेटावर पोहायला नेणार होते. अट एकच: शुक्रवारी, २५ तारखेला, न थांबता पन्नास मीटर. जो कमी पडेल त्याने घरी बसायचे. घरी बसण्याचा मला पुरेसा सराव झाला होता.

सहा आठवडे संपले तेव्हा बाकीचे चाळीसच्या पुढे होते आणि मी एकोणीस मीटरवर अडलो होतो. हात बरोबर, पाय बरोबर, तरी एकोणीसला छाती फुटायची वेळ येई.

“आम्हा सगळ्यांना पाण्यात बघत बसता, म्हणून मागे राहता,” आमच्यातले शिंपीबुवा म्हणाले. वय अडुसष्ट, पन्नास मीटर त्यांनी केव्हाच पार केले होते.

प्रशिक्षक बाई माझ्या मुलीहून लहान. त्या काठावर उकिडव्या बसल्या. “काका, तुमचे बुडबुडे कुठायत? तुम्ही श्वास सोडतच नाही.”

मी विचार केला आणि कारण सापडले. मायक्रोमीटर वाचताना श्वास रोखायचा, ही आमच्या कक्षातली पहिली शिकवण. छाती हलली की हात हलतो. ती सवय हाडीमासी खिळली होती. काहीही काटेकोरपणे करायला घेतले की माझा श्वास आपोआप थांबे, आणि पोहणे मी अत्यंत काटेकोरपणे करत होतो.

हे मी त्यांना सांगितले.

“अहो, आम्हीही तोंडात टाचण्या धरून जन्म काढला,” शिंपीबुवा म्हणाले. “पण पाण्यात उतरताना काढून ठेवतो.”

बाई हसल्या. “काका, पाण्यात बोला. तोंड पाण्यात असताना बोलायचं, वर आलं की श्वास घ्यायचा. बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही.”

“काय बोलू?”

“घरी काकूंशी बोलता ते.”

शिंपीबुवांनी त्यांना डोळ्यांनी खुणावले. बाई ओशाळल्या. “मला माहीत नव्हतं, काका.”

“असू द्या,” मी म्हणालो. “कल्पना बरोबर आहे.”

मी तोंड पाण्यात घातले आणि बायकोला सांगितले की, बाल्कनीचे दार खाली घासते आहे. पुढच्या श्वासाला सांगितले की, मी ते उतरवून रंधा मारणार आहे. त्या दिवशी एकतीस मीटर झाले.

शुक्रवारी माझा क्रमांक शेवटचा होता. बाईंच्या हातात घड्याळ. निघालो आणि क्रमाने सांगत गेलो: दूध हल्ली अर्धा लिटरच घेतो. वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले. चष्म्याचा नंबर वाढला. पंचवीस मीटरची भिंत आली, मी वळलो, आणि सांगण्यासारखे काही उरले नाही. माझ्या दिवसांत तेवढेच घडत होते.

श्वास थांबला. चार हात मारले, पाचव्याला छाती आवळली. तेव्हा नाइलाजाने न बोललेले काढले. तुझ्या शेवटच्या महिन्यात मी दर चार तासांनी ताप लिहून ठेवला. आलेख काढला. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी तापमापीकडे. बोलायचे होते. जमले नाही. खोल पाण्याची मला भीती वाटते. तरी बेटावर जायचे आहे, आणि तुझ्याशिवाय जायचे आहे. बुडबुडे कानांवरून मागे जात होते. मी अजून बोलत होतो तेव्हा बोटांना भिंतीची फरशी लागली.

बाईंनी घड्याळ पाहून वहीत लिहिले: पन्नास मीटर, दोन मिनिटे एकवीस सेकंद.