एक्केचाळिसावं आमंत्रण

"कुणाला बाहेर ठेवायची वेळ आलीच, तर तिच्या दारात जाऊन, तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं. पाठीमागे दार लावून घ्यायचं नाही. देतेस शब्द?"

तीन वर्षांपूर्वी संघटनेची सूत्रं हाती देताना सासूबाईंनी असं बजावलं होतं आणि सुनेने मान डोलावली होती. आज संगणकापुढे बसल्यापासून तो आवाज तिच्या कानाशी घुटमळत होता.

रुग्णालयाच्या लॉन्ड्रीतल्या बायकांची ती संघटना. वॉर्डातून चादरींच्या पिशव्या येत आणि त्यांत कधी वापरलेली सुई राहिलेली असे. आज कुठल्या पिशवीत हात सांभाळून घालायचा, हे बायका आपल्या ऑनलाइन फोरमवर एकमेकींना कळवत. गेल्या आठवड्यात इस्त्रीवालीने तिथे लिहिलं, की मला सुई टोचली आणि साहेबांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिचे शब्द छापील कागदावर नोटीस बोर्डाला लागले आणि तिची रवानगी बॉयलरच्या भट्टीवर कामाला झाली.

मग ठरलं. आता फोरम फक्त आमंत्रणावर. प्रत्येकीसाठी दोघींनी हमी द्यायची. संध्याकाळी सहाला जुनं दार बंद.

चाळीस आमंत्रणं गेली होती. उरली होती अबोली. वॉर्डातल्या पिशव्या ज्या टेबलापाशी उघडायच्या, तिथे तीच उभी असायची. फोरमवर रोज यायची, सगळं वाचायची, पण अक्षर कधी लिहायची नाही. तिची हमी घ्यायला एकही जण तयार नव्हती.

साडेपाचला फोन वाजला. टाचणी होती. जिभेमुळे तिला ते नाव पडलं होतं आणि तिला त्याचा अभिमानच होता.

"ताई, काढलंस का तिचं नाव?"

"अगं, पण पुरावा काय?"

"आणखी काय पुरावा हवा? जी बोलत नाही ती ऐकतेच ना? आणि ऐकून कुठेतरी ओकणारच. थांब, बोर्डाचा फोटो पाठवते. तो वर टाक आणि खाली लिही, फितूर सापडली म्हणून."

"तिला कळणार कसं, सुया कुठल्या पिशवीत आहेत ते?"

"साहेबांना विचारेल की! लाडकी आहे ना त्यांची."

फोटो आला. बोर्डावर कागद लागला त्या दिवशी सुनेची सुट्टी होती. नंतर तिने तो फोनवर पाहिला होता, तोही रागारागात. आता पडद्यावर तो मोठा झाला आणि तिचा हात माउसवरच राहिला.

अक्षरं नको इतकी ठसठशीत होती. कागदावर घड्या होत्या, आधी उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी.

इतक्या मोठ्या अक्षरांत छापून घेणारी आणि अशा घड्या घालणारी एकच होती, ती स्वतः. सासूबाईंच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून फोरमवरचं महत्त्वाचं काही असलं, की ती कोपऱ्यावरच्या दुकानातून असं छापून आणायची. इस्त्रीवालीने लिहिलं त्या दिवशीही आणलं होतं, कामावर जाता जाता. आणि संध्याकाळी पर्स पालथी घातली तरी कागद सापडला नव्हता, म्हणून तिने फोनवरूनच वाचून दाखवलं होतं.

पर्समध्ये नव्हताच तो. ॲप्रनच्या खिशात होता. ॲप्रन पाळी संपताना धुण्यात गेला. आणि धुण्याच्या कपड्याच्या खिशात जे निघेल, पेन, किल्ली, चिठ्ठी, ते न उघडता साहेबांच्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं, हा लॉन्ड्रीचा नियम. तो नवीन मुलींना तीच तर शिकवायची.



"ऐकतेयस ना, ताई?"

"ती नाही गं," ती हळू म्हणाली. "मीच." आणि तिने सगळं सांगितलं.

 टाचणी पहिल्यांदाच दबक्या आवाजात बोलली, "हे बघ, हे तुझ्या-माझ्यात राहू दे. तुझ्यावरचा विश्वास उडाला तर उद्या एकही बाई तोंड उघडणार नाही. अबोलीचं काय, तशीही कुठे बोलते ती?"

क्षणभर, अगदी क्षणभर, तिला ते पटलं. सहाला वीस मिनिटं होती. काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. रोज संध्याकाळी डोळे मिटून ज्या देवापुढे बसते, त्याला मात्र आज काय सांगायचं?

"ठेवते," एवढंच ती म्हणाली.

आतल्या खोलीत सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. तिने काही न लपवता सांगितलं. म्हातारीने मांडीवरची शाल चाचपली, जराशी ओढून घेतली.

"माझ्यासाठीच छापलेलास ना तो कागद?"

"चूक माझी आहे, आई."

"ते मी कुठे नाही म्हटलं? हमीत माझं नाव घाल. जुनी सभासद आहे मी अजून."

एक्केचाळिसावं आमंत्रण गेलं. हमी देणाऱ्यांत दोन नावं, सासूचं आणि सुनेचं. खाली फोरमवर तिने चारच ओळी लिहिल्या: कागद कुणाच्या खिशातून गेला, दोष कुणाचा. इस्त्रीवालीची माफी. मला आत ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

फोन पुन्हा वाजायला लागला. तिने तो टेबलावर पालथा ठेवला.

"बसायची वेळ झाली ना तुझी?" आतून आवाज आला. "नेम चुकेल."

"आल्यावर बसते, आई. अबोलीच्या दारापर्यंत जाऊन येते. तिलाच बाहेर ठेवायला निघाले होते."

तिने चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.