पिणारी मीच

रुद्राणीचा नवरा शिवप्रसाद म्हणजे देवमाणूस, हुपरीत कुणालाही विचारा. चहाच्या पलीकडं कधी काही घेत नाही, पानटपरीपुढं उभासुद्धा राहत नाही. आणि त्या रविवारी दुपारी याच माणसानं बायकोला कोल्हापूरच्या एसटीत बसवलं, खिडकीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "कुणी विचारलं तर माझं नाव सांग. म्हणावं, मालक पितात. बाप्याचं पिणं खपून जातंय."

दारू पीत होती ती रुद्राणी. सहा वर्षं झाली. घरातच पैंजणाचा कारखाना, दिवसभर घुंगरं जोडत बसायचं, आणि मोरीतल्या डब्यामागं बाटली. आधी झोप लागावी म्हणून, मग सकाळी उठता यावं म्हणून. आता पहाटे पूजेला इष्टलिंग तळहातावर घेतलं की हात असा कापायचा, की शिवप्रसाद खालून आपला हात लावायचा. गेल्या सोमवारी त्यानं हात लावूनही ते निसटून पडलं. दोघांनी मिळून उचललं. तेव्हापासून सहा दिवस तिनं थेंब घेतला नव्हता. सातवा निघेल याची मात्र तिला अजिबात खात्री नव्हती.

दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा नंबर तिला दवाखान्याच्या भिंतीवर मिळाला होता. फोन उचलणाऱ्या केरबानं रविवार, चार वाजता, राजारामपुरीतल्या शाळेची मागची खोली असं सगळं नीट सांगितलं, आणि वर मालकांना घेऊन या म्हणाला. बाईचा आवाज ऐकला आणि गड्यानं ठरवूनच टाकलं! तिनंही बरं म्हणून फोन ठेवला. चुकलंच तिचं, पण अशा वेळी कुणाची जीभ चालते?

राजारामपुरीत उतरल्यावर शाळा काही सापडेना. एका इस्त्रीवाल्याला विचारलं. आता कोल्हापूरचा माणूस नुसता पत्ता सांगून गप्प बसेल तर शपथ. त्यानं कसली बैठक, कुणासाठी, सगळं काढून घेतलं. रुद्राणीनं मालकांसाठी म्हणून सांगितलं, तसं त्यानं ते साऱ्या गल्लीला ऐकवलं. समोरच्या दारात शेंगा सोलत बसलेली म्हातारी सूप खाली ठेवून उठली, रुद्राणीचा हात धरून शाळेपर्यंत पोचवायला निघाली, आणि वाटभर शिवप्रसादचा उद्धार करत राहिली. मेला, भाड्या, सोन्यासारख्या बायकोला उन्हातान्हात हिंडवतोय, याच्या तोंडात माती पडो.

रुद्राणी हं हं करत चालली होती. एकेक शिवी तिला लागत होती, कारण ती तिचीच होती. आधी तिला म्हातारीचा राग आला, मग नवऱ्याचा. बाप्याचं खपतंय म्हणे! मग बाईचं काय करायचं, जिवंत पुरायचं?

शाळेच्या मागं दोन खोल्या होत्या, मधलं दार उघडं. एकीत पंधरा-वीस पुरुष, दुसरीत बायका. दाराशी केरबा उभा होता. शिरोलीच्या फाउंड्रीत उभा जन्म काढलेला माणूस, अकरा वर्षं झाली सोडून. त्यानं नमस्कार केला आणि पलीकडची खोली दाखवली. घरची माणसं तिकडं, हितं फक्त पिणारे बसतात. मालक मागनं येत्यात काय, असंही विचारलं.

व्हय, येत्यात, एवढंच म्हणायचं होतं. मग पलीकडं चहा मिळाला असता, चार बायकांनी पाठीवरून हात फिरवला असता, आणि साडेपाचच्या एसटीनं ती जशी आली तशी परत गेली असती, सरळ मोरीतल्या डब्यापाशी. हे तिला स्वच्छ कळत होतं. आणि डोकं तापलं होतं.

"मालक येणार न्हाईत," ती खणखणीत म्हणाली. "त्यांनी जन्मात थेंबाला हात लावलेला न्हाई. पिणारी मीच हाय."

मागं एक जण फिस्सकन हसला. बाईमाणसानं प्यायचं म्हणजे कमालच, असं कुणीतरी पुटपुटलं. केरबा पार गडबडला, आणि गडबडीत नको तेच बोलून बसला. वैनी, हळू बोला, बाहेर ऐकू जाईल म्हणाला.

झालं! रुद्राणीचं टाळकंच सटकलं.

"जाऊ दे की. तुम्ही पिऊन घरला येत हुतासा तवा सगळ्या गल्लीनं ऐकलं असंल. तरी हितं खुर्ची मिळालीच न्हवं तुमाला? मग मलाबी द्या."

आणि कुणी द्यायची वाट न बघता तिनं भिंतीकडच्या दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर पिशवी ठेवली, दुसरीवर स्वतः बसली, पुरुषांच्या बरोबर मधोमध. केरबानं मान खाली घातली. फोनवरच विचारायला पायजे हुतं, चुकलं माझं, म्हणाला.

तेवढ्यात मधल्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीतली असेल, इस्त्रीची साडी, हातात पर्स गच्च धरलेली. क्रांती तिचं नाव. दोन महिने ती दर रविवारी बायकांच्या खोलीत येऊन बसत होती, आणि तिचा नवरा एकदाही आला नव्हता. केरबानं तिला काय झालं म्हणून विचारलं.

"माझा नवराबी पीत न्हाई," ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. रुद्राणीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ये, बस हितं," ती म्हणाली. "आधी मी बोलते, मग तू."