परीक्षकबाईंचा निकाल

"पहिल्या बाडात आजोबा मरतात," हातातला चमचा नाचवत मुलगी म्हणाली, "आणि वाचणाऱ्याला हायसं वाटतं. कारण मेल्याशिवाय ते गप्प बसणार नव्हते."

प्रकाशक खो खो हसले. वडिलांनी टेबलावर अशी थाप मारली की पेल्यातलं पाणी हिंदकळलं.

रविवारचं जेवण म्हणजे या घरातला दरबार होता. प्रकाशक वडिलांचे जुने मित्र. कुमारांसाठी पुस्तकं काढायचं त्यांच्या डोक्यात आल्यापासून ते आलेली बाडं, लेखकाच्या नावाचं पान काढून, या पंधरा वर्षांच्या मुलीच्या हवाली करत. ती 'छापा' म्हणाली की छापत, 'नको' म्हणाली की परत पाठवत. लाडाने तिला परीक्षकबाई म्हणत. पोरगी हुशार होती, यात वाद नाही. पण हुशारीला दर रविवारी टाळ्या मिळू लागल्या की ती चावरी होते, आणि टाळ्या वाजवायला वडील कायम तयार असत.

"आणि दुसरं?"

"त्यात चार मित्र गुहेत अडकतात. लेखकाने त्यांना उगीच बाहेर काढलं."

पुन्हा हशा. टेबलाच्या टोकाला बसलेला मामाही हसला. तो प्रकाशकांकडे मुद्रितं तपासायचा. उभा जन्म दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात गेला होता. तिसरं बाड त्याचं स्वतःचं होतं, भलतंच नाव लावून टपालाने पाठवलेलं. त्याचं पहिलं, आणि वय बघता बहुधा शेवटचं. हे फक्त त्याच्या बहिणीला, म्हणजे मुलीच्या आईला ठाऊक होतं. ती वाढता वाढता थांबली.

"तिसऱ्याची तर कमालच आहे," मुलगी म्हणाली. "एक माणूस सगळ्यांसाठी राबतो. त्याला कुणी विचारत नाही, आणि तो रागावतही नाही. त्याच्या थोबाडीत मारली ना, तर तो विचारेल, हात दुखला का?"

"भाषा?" प्रकाशकांनी डोळे पुसत विचारलं.

"भाषा स्वच्छ आहे."

मामाने मान वर केली.

"इस्पितळासारखी. आत गेलं की कधी सुटतो असं होतं."

मामाने मान खाली घातली आणि ताटातला घास एका बाजूला सारला.

"आणि कहर म्हणजे ती शेजारची छोटी मुलगी. तिला म्हणे या माणसाच्या शर्टाचं बटण मुठीत धरल्याशिवाय झोपच येत नाही. झोपेत ती ते ओढून तोडते, आणि हा बिचारा सकाळी नवं शिवत बसतो. रोज! अशी मुलगी कुठल्या घरात असते?"

वडील हसले. आईने भांडं दाणकन टेबलावर ठेवलं आणि ती आत निघून गेली. मुलीने वळून तिच्या पाठीकडे पाहिलं, मग मामाकडे. मामाचा हात छातीवर गेला होता. दुसरं बटण त्याने चिमटीत घट्ट धरलं होतं.

मामाच्या खोलीत बटणांनी भरलेला एक डबा होता. लहानपणी ती तो जमिनीवर ओतून खेळायची. एकट्या माणसाला इतकी बटणं कशाला लागतात, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

तिची कानशिलं तापली.

"मग, परीक्षकबाई?" प्रकाशक म्हणाले. "छापू का?"

वडील तिच्याकडे बघत होते, हसायच्या तयारीत. हो म्हणायला एकच शब्द लागला असता. पण आत्ताच मिळवलेला सगळा हशा परत करावा लागला असता. मामा ताटात बघत होता. तिला त्याची लाज वाटली आणि त्याचा रागही आला.

"नको," ती म्हणाली. "रद्दीवालासुद्धा घेणार नाही."

वडिलांनी टाळी दिली. तिने ती घेतली.

"उद्या नकाराचं पत्र तुम्हीच लिहा," प्रकाशक मामाला म्हणाले. "तुमचा हात चांगला आहे. जरा गोड लिहा, कुणीतरी वयस्कर दिसतोय."

"हो साहेब," मामा म्हणाला.

जेवणं झाल्यावर तो दारात बुटांच्या नाड्या बांधत होता. मुलगी मागे येऊन उभी राहिली. नेहमीप्रमाणे त्याने पिशवीतून पुढच्या रविवारचं बाड काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "ती मुलगी... मीच ना?"

"छे गं," मामा म्हणाला. "अशी मुलगी कुठल्या घरात असते?"

त्याच्या आवाजात राग असावा म्हणून तिने नीट कान दिला. तो जिना उतरून दिसेनासा होईपर्यंत ती ऐकत उभी होती. राग कुठेच नव्हता.