सहा इंचाला चार दोरे कमी

शाळेच्या बँडच्या जयंतीबाईंना मी छाती ठोकून सांगून आले होते, "स्कॉटलंडचा घागरा ना? माझ्या डाव्या हातचा मळ!" घाटकोपरात पंधरा वर्षं युनिफॉर्म शिवतेय मी, वनमाला परब. चौकडीला काय भ्यायचं? बाई म्हणाल्या, "आधी एकच शिवा. मागच्या चुण्यांत चौकडी पुढच्या सपाट भागासारखीच अखंड दिसली, तर बाकीचे एकवीसही तुमचे. नाहीतर दादरचा टेलर आहेच."

कापड सात वार! चौकडीचं एक घर सहा इंचांचं. प्रत्येक चुणीत एक घर आत लपवलं की नक्षी तुटत नाही, एवढं मला कळलं. टेपने मोजून बावीस चुण्या घातल्या, कच्चे टाके मारले आणि उलटून बघते तर काय! पहिल्या चार झकास, मग लाल पट्टा जो सरकत गेला तो पार हिरव्यात. वाट लागली! तीनदा उसवलं, तीनदा तेच. वैतागून कापड खाटेवर फेकलं.

खाटेवर मामंजी होते, माझे सासरे. तीस वर्षं गिरणीत माग चालवला. संपात गिरणी बंद पडली, तेव्हापासून दोन वर्षं नुसते बसून. कापडाला हात नाही, माझ्या मशीनकडे बघणंही नाही. माझी जीभ तर काय, एकदा त्यांच्या तोंडावर बोलले होते, "देवळातला दगड बरा, त्याला निदान शेंदूर लागतो."

त्या दिवशी त्यांनी कापड मांडीवर ओढलं, चष्मा पुसला आणि सुईच्या टोकाने एकेक दोरा मोजायला लागले. अर्धा तास मोजणं चाललं.

"टेप ठेव बाजूक," म्हणाले. "कापडाक इचार. तुझ्या सहा इंचाक घर चार दोरे कमी आसा. बाविसाव्या चुणीपर्यंत केवढे झाले?"

अगं बाई! मग चुणीच्या कडेला जो दोरा, पुढच्या घरातला तोच दोरा ते शोधून शेजारी आणत गेले. ते दाखवायचे, मी टाचणी लावायची. शेवटी उलटून बघितलं आणि अंगावर काटा आला. एवढी घरं पोटात घेऊनही चौकडी सलग, जशी मागावरून उतरली तशी. आणि हा माणूस दोन वर्षं माझ्या घरात बसला होता!

बँडची पुढारी अनुपमा घागरा घालून गर्रकन फिरली. जयंतीबाईंनी मागून दोनदा हात फिरवला. "कुणी आखलं हे?" 'मी' अगदी ओठांवर आलं होतं. "सासऱ्यांनी," म्हटलं. "विणकर आहेत."

एकवीस घागऱ्यांच्या कापडाचं पहिलं गाठोडं घेऊन घरी आले, तर मामंजी दारातच उभे. चष्मा लावलेला, टाचण्यांचा डबा हातात.

"मामंजी, ते दगडाचं बोलले होते ना मी..."

त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली. "बडबड मगे गो. आधी दोरे मोज."