पदराला बांधलेला वाघ

सुगंधाबाईनं साऱ्या आयुष्यात वाघ एकदाच पाहिला, आणि तेव्हा तिची पाच वर्षांची नात तिच्यासोबत होती.

कुरखेड्यापासून जवळच सुगंधाबाईचं गाव. मोहाच्या हंगामात दिव्यानी चंद्रपूरहून आजीकडे राहायला आली होती. एका सकाळी दोघी मोहफुलं वेचायला गेल्या. ऊन नुकतंच झाडांच्या बुंध्यापर्यंत उतरलं होतं. दिव्यानी फुलं टोपलीत कमी आणि तोंडात जास्त टाकत होती. एवढ्यात कोरड्या नाल्यातून वाघ वर आला आणि समोर उभा राहिला. सुगंधाबाईनं नातीला पोटाशी दाबलं, तिच्या तोंडावर हात ठेवला आणि कानात म्हणाली, "चूप. आवाज नोको करू."

वाघानं त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं, हे तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. मग तो वळला आणि आला तसा नाल्यात उतरून गेला. कोणाला ओरखडा नाही की काही नाही. गावातल्या लोकांनी देवाचे आभार मानले, टोपली तिथंच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा धनराज येऊन आईला नि लेकीला चंद्रपूरला घेऊन गेला.

पण त्या दिवसापासून दिव्यानीनं दोन गोष्टी धरल्या. एक म्हणजे आजीचा पदर. झोपतानाही तो तिच्या मुठीत असायचा. दुसरी म्हणजे ती कुजबुजायला लागली. भूक लागली, तरी कुजबुजून सांगायची. हसायचीसुद्धा आवाज न करता. डॉक्टरांनी घसा पाहिला. घशात काही नव्हतं. "घाबरली आहे, होईल हळूहळू," ते म्हणाले. घरातल्या सगळ्यांना मग खाली वाकून तिच्या तोंडाशी कान नेण्याची सवय लागली. धनराज वीजकेंद्रात पाळीचं काम करायचा. थकून आला तरी आधी लेकीपुढं गुडघे टेकून बसायचा आणि विचारायचा, "काय म्हणतं माय बाई?"

सून रिना दवाखान्यात परिचारिका होती. तिच्या मैत्रिणीनं मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका क्लबचा पाहुण्यांसाठीचा पास दिला. सगळ्या घरानं एकत्र जायचं, मोठ्यांनी व्यायाम करायचा, पोहायचं, लेकरांनी खेळघरात खेळायचं, असा तो क्लब.

"मी काय करू तिथी?" सुगंधाबाई म्हणाली. "मले कोणता व्यायाम पाह्यजे? जनमभर धानाचं रोवणंच केलं मी."

"तुमच्याबिगर ती जाणार आहे का, आई?" रिना म्हणाली. "पदर तर तुमचा आहे."

रविवारी धनराजनं तिघींना कारमधून फाटकाशी सोडलं. त्याला सकाळची पाळी संपलेल्या मित्राला घरी पोचवायचं होतं. तो नंतर घ्यायला येणार होता.

मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन अंगावरून काढून ठेवावं तसं दाराशीच राहिलं. आत गारवा होता. चपला काढून फळीवर ठेवल्या, आणि सुगंधाबाईचे पाय अशा जमिनीवर पडले की ती दचकलीच. जमीन रबरासारखी मऊ होती. भेगाळलेल्या टाचांनी तिनं ती दोनदा दाबून पाहिली. एका मोठ्या खोलीत म्हातारेकोतारे, पोरीबाळी सगळे एकाच ओळीत हात वर करून उभे होते. काचेपलीकडे निळं पाणी होतं. इतकं निळं पाणी तिनं तलावात पाहिलं नव्हतं, शेताजवळच्या बोडीत तर नाहीच.

"बाप्पा!" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

खेळघर मागच्या बाजूला होतं. सुगंधाबाईला वाटलं होतं, झोपाळे असतील, घसरगुंडी असेल. तिथं त्यातलं काहीच नव्हतं. फ्रिजचे, कूलरचे रिकामे खोके होते. कापडांचा ढीग होता. दोऱ्या, बांबूच्या कामट्या, ओली माती, रंगाची डबडी, सागाची वाळकी पानं आणि गुलमोहराच्या शेंगा. आठदहा लेकरं त्यात बुडून गेली होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मुलांवर लक्ष ठेवायला जैनब नावाची एक तरुण बाई होती. डोक्यावरची ओढणी मागं गाठ मारून बांधलेली, हाताला कोपरापर्यंत माती.

"या, आजी," ती म्हणाली. "भिंतीशी बाक आहे, तिथी बसा. फक्त एक आहे. इथी मोठ्यांनी पाह्यचं. सांगायचं नाई, हात लावायचा नाई. चालन ना?"

रिना शेजारच्या खोलीत व्यायामाला गेली. सुगंधाबाई बाकावर बसली. दिव्यानी तिच्या गुडघ्यांमध्ये उभी, पदराचं टोक मुठीत.

जैनब जवळ आली नाही. तिनं हाक मारली नाही, चॉकलेट दाखवलं नाही. ती बराच वेळ दुसऱ्या लेकरांसोबत माती मळत राहिली. मग येऊन जमिनीवर बसली. दिव्यानीची नजर कुठं आहे, ते तिनं पाहिलं. नजर कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या खोक्यावर होती.

"लांब आहे ना तो?" जैनब म्हणाली. "पदर तिथवर पुरत नाई. वाढवायचा का?"

जैनबनं ढिगातून एक पिवळी ओढणी आणली आणि विचारलं, "आजी, गाठ मारू का?" सुगंधाबाईनं मान हलवली. ओढणी पदराला बांधली गेली. दिव्यानीनं पदर सोडला, ओढणीचं दुसरं टोक धरलं आणि तेवढंच अंतर पुढं गेली. तिथं उभी राहिली. मागं वळून पाहिलं. आजी होती.

थोड्या वेळानं ती स्वतःच ढिगाकडे वळली. एक जुन्या लुगड्याचं धांदोटं उचलून जैनबपुढं धरलं. दुसरी गाठ बसली. मग एक गमछा आला, मग पडद्याचा तुकडा. आता ती कोणाला विचारतही नव्हती. आपल्याच बोटांनी वेड्यावाकड्या गाठी मारत होती. सुगंधाबाईच्या खांद्यावरून निघालेली ती रंगीबेरंगी दोरी खेळघराच्या मधोमध पसरत गेली. लेकरं तिच्यावरून उड्या मारत जात होती. कोणी ओढलं की सुगंधाबाईच्या खांद्याला हिसका बसायचा, पण तिनं पदर सावरला नाही. ती श्वाससुद्धा हळू घेत होती.

दिव्यानी खोक्यापाशी पोचली. तिथं ताबिश नावाचा एक मुलगा खोक्याला पिवळा रंग फासत होता. तिच्याहून थोडा मोठा असेल.

"ये मेरा शेर है," तो म्हणाला. "पट्टे काढता येतात का तुले?"

आणि सुगंधाबाई बाकावरून अर्धी उठली. वाघ! सगळं सोडून वाघच काढायचा होता का यांना? तिला वाटलं, धावत जावं, लेकराला उचलावं. तिनं जैनबकडे पाहिलं. जैनबनंही ते ऐकलं होतं. ती हातातली माती खाली ठेवून मुलांच्या जवळ सरकली होती, पण मध्ये पडली नव्हती.

दिव्यानी खोक्याकडे पाहत राहिली. मग तिनं कोळशाचा तुकडा उचलला. पट्टे काढायला दोन हात लागत होते, एका हातानं खोका धरायचा आणि दुसऱ्यानं ओढायचं. तिनं हातातल्या कापडाच्या टोकाकडे पाहिलं. खोक्याच्या मागच्या भोकातून ते आत घातलं, गाठ मारली आणि सोडून दिलं.

"शेपटी!" ताबिश ओरडला. "देखो, शेर की पूँछ!"

सारी लेकरं धावत आली. वाघाची शेपटी खेळघरभर पसरत जाऊन थेट एका म्हाताऱ्या बाईच्या खांद्यापर्यंत पोचली होती. लेकरं हसत सुटली. सुगंधाबाईनं आपल्या खांद्याकडे पाहिलं आणि हातानं पदर चाचपला. ती वाघाला बांधलेली होती, आणि तिला भीती वाटत नव्हती.

"आता बंदूक आणू," ताबिश म्हणाला. "ठाँय करून मारू त्याले."

दिव्यानी काहीतरी कुजबुजली.

"काय?"

ती पुन्हा कुजबुजली.

"ऐकूच नाई आलं!" ताबिश म्हणाला, आणि बांबू शोधायला निघालासुद्धा.

तेव्हा सुगंधाबाईच्या ध्यानात आलं. घरात सगळे वाकत होते. इथं कोणी वाकणार नव्हतं. ही लेकरं आपापल्या नादात होती. ज्याला काही सांगायचं आहे, त्यानं ते ऐकू जाईल असंच सांगायचं होतं.

दिव्यानी खोक्याच्या तोंडातून आत शिरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग खोका हलला, आणि आतून आवाज आला, घोगरा, वापर नसलेला, पण खोलीभर घुमलेला आवाज.

"मले तहान लागली!"

ताबिश थबकला.

"मले पाणी पाह्यजे! नाल्यात पाणी नाई! मी कोणाले नाई खात, मले पाणी द्या!"

एक मुलगी निळं कापड घेऊन पळत आली. दुसऱ्यानं ते पसरलं. ताबिशनं बांबू टाकून दिला आणि मातीचे गोळे कापडाच्या दोन्ही कडांनी लावायला सुरुवात केली. कोणी सागाची पानं आणून ठेवली. पाहता पाहता तिथं पाणवठा झाला. पिवळा खोका सरपटत त्याच्यापाशी गेला, खाली वाकला आणि लपलप करत पाणी प्यायला लागला. सगळी लेकरं गप्प बसून पाहत होती. देवळात आरतीनंतर असते, तशी ती शांतता होती.

सुगंधाबाईला मोहाखालची ती सकाळ दिसत होती. इतके दिवस तिला फक्त पट्टे आणि डोळे आठवायचे. आता तिला जीभ आठवली. बाहेर लोंबलेली. धापणारं पोट. फासळ्या. तो कोरडा नाला. तिच्या हाताच्या पंजावरून त्या एवढ्याशा लेकरानं ते सगळं पाहिलं होतं. जे तिला दिसलं नव्हतं, ते.

जैनब बाकापाशी आली.

"हे तुम्ही शिकवलं का तिले?" सुगंधाबाईनं विचारलं.

"नाई, आजी. मी तर फक्त कापड दिलं." ती थोडं थांबून म्हणाली, "इथी रोज येतो मी. तरी कधी कधी असं काही होते, का मलेच समजत नाई हे कुठून येते."

कपडे बदलायच्या खोलीत आजी आणि नात दोघीच होत्या. दिव्यानीच्या गालावर कोळसा लागला होता. सुगंधाबाई तो ओल्या बोटानं पुसत म्हणाली, "बाई, त्या दिवशी म्या तुह्या तोंडावर हात ठेवला होता. आता बोलत जा. वाघ गेला."

"मले माहीत आहे," दिव्यानी म्हणाली. "तो पाणी शोधाले गेला."

"मग काऊन हळू बोलत होती वं इतके दिवस?"

दिव्यानीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हे काय विचारणं झालं.

"तू म्हटलंच नाई ना, झालं म्हणून."

सुगंधाबाई खाली बसली. लेकराला छातीशी धरलं, पण या वेळी सैलच धरलं. "झालं, माय," ती म्हणाली. "झालं."

त्यानंतरची पोहण्याची वेळ बायका आणि लेकरांसाठी होती. सुगंधाबाई नुसती काठावर बसणार होती. पण रिनानं तिच्यासाठीही पोहण्याचा पायघोळ पोशाख मागून ठेवला होता, आणि दिव्यानी पायरीवर उभी राहून साऱ्या तलावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजी, उतर ना!" रिनाच्या हातातला टॉवेल खाली पडला. तिनं लेकीकडे पाहिलं, मग सासूकडे. सुगंधाबाईनं फक्त मान हलवली. त्या आवाजाला नाही म्हणायची तिची छाती झाली नाही.

पोहायला शिकवणारी दीपाली तिला छातीभर पाण्यात घेऊन गेली. "पाठ टाका, आई. माझा हात आहे खाली. मान सोडा."

"बुडन ना मी."

"नाई बुडत. पाणी उचलते माणसाले."

सुगंधाबाईनं डोळे मिटले आणि मान सोडली. कान पाण्यात गेले आणि सगळ्या जगाचा आवाज बंद झाला. उभ्या जन्मात पाण्याशी तिचा संबंध घोट्यापर्यंतचा, चिखलाचा, वाकून रोवण्याचा. पाणी म्हणजे पाठ मोडणारी गोष्ट. आणि आता त्याच पाण्यानं तिची पाठ खालून धरली होती, सरळ केली होती, तिच्या हाडांचं सारं वजन आपल्याकडे घेतलं होतं. तिनं डोळे उघडले. वर उघडं आभाळ होतं, आणि एक घार त्यात पंख न हलवता फिरत होती. दीपालीनं हात कधी काढून घेतला, हे तिला कळलंही नाही.

ती कठडा धरून बाहेर आली. रिनानं टॉवेल दिला. सुगंधाबाईनं तो खांद्यावर टाकला. ती नुसती आपल्या ओल्या तळव्यांकडे पाहत राहिली.

धनराज फाटकाशी थांबला होता. तिघी गाडीत बसल्या. रिना त्याला सगळं सांगणार होती, पण सुगंधाबाईनं मागून तिच्या दंडाला हात लावला. रिनानं ओठ मिटून घेतले.

गाडी मूल रस्त्याला लागली. धनराजनं नेहमीसारखी मान मागं कलती करून कान दिला आणि विचारलं, "काय म्हणतं माय बाई? काय काय केलं?"

"बाबा, मी वाघ झाली होती!" दिव्यानी कडाडली. "आणि आजी माही शेपटी होती! आणि ताबिश मले मारणार होता, पण मग त्यानं पाणीच आणून देल्लं! आणि आजी पाण्यावर झोपली होती, लाकडावानी!"

धनराजनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन तसंच सुरू होतं. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर पाहत राहिला. मागून कोळशाचे ट्रक धडधडत निघून जात होते.

"गाडी काऊन थांबवली, बाबा?" दिव्यानीनं ट्रकांच्या वर आवाज चढवून विचारलं.

"ऐकून राह्यलो," धनराज म्हणाला. "सांग. पुढं काय झालं?"